परसातील बारमास : लेखांक सातवा – वापसा

हस्ताच्या अखेरच्या सरी ओसरल्या, सकाळी गवतावर दव दिसू लागले आणि माध्यान्ही मात्र आश्विनाचे ऊन पाठीला चटके देऊ लागले, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील परसबागेचा दुसरा आणि माझ्या मते अधिक श्रेष्ठ असा हंगाम सुरू होतो. दोडक्या-कारल्यांच्या मांडवांची निरवानिरव कशी करावी, हे मागील लेखांकात पाहिले. त्या मांडवांखालचे वाफे आता रिकामे आहेत, मेथी, पालक, मुळा आणि सांभार यांचे बियाणे डब्यातून बाहेर निघाले आहे, वांग्याची रोपे गादीवाफ्यावर वीतभर झाली आहेत, आणि पहाटे उठताच कुदळ हाती घ्यावी अशी ओढ कोणाही बागाईतदारास अनावर व्हावी असे हे दिवस आहेत. ती ओढ थोडी आवरावी, एवढे सांगण्याकरिताच आजचा लेखांक आहे.

जमीन ओली नाही आणि कोरडीही नाही, तिच्यात ओल आहे परंतु पाणी साचलेले नाही, अशा मधल्या अवस्थेस आपला शेतकरी ‘वापसा’ म्हणतो. कोणी त्यालाच ‘वाफसा’ म्हणतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी आपल्या नैसर्गिक शेतीचे जे चार आधारस्तंभ सांगितले, त्यांत बीजामृत, जीवामृत आणि आच्छादन यांच्या पंक्तीला वाफसा बसवला. शब्द मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडच्या धुऱ्याबांधावर रुळलेला होता. परसबागेची नित्याची कामे, म्हणजे खोदणे, पेरणे, निंदणे आणि पाणी देणे, ही चार निराळी कामे आहेत असे नवख्यास वाटते. वस्तुतः ती चारही या एकाच अवस्थेच्या हुकमतीखाली चालतात, आणि कोणते काम आज करायचे याचा निर्णय घड्याळाने अथवा पंचांगाने न होता हाताने करावा लागतो.

हे मला उशिरा समजले. परसाची जागा हाती आली त्या पहिल्या वर्षी, पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी उत्साहाने चार वाफे खोदून काढले. कुदळीला माती लोण्यासारखी चिकटत होती, पायांना चपलांएवढे थर चढत होते, आणि शेजारच्या आजी कुंपणापलीकडून सांगत होत्या, “माती हाताले चिकटते तोवर वाफ्यात पाय नोको देऊ, बाबू.” मी ऐकले नाही. आठवड्याभरात त्या वाफ्यांतील ढेकळे विटेसारखी वाळली, फावड्याच्या पाठीने फुटेनात, आणि त्या हिवाळ्यात तिथली मेथी ढेकळांच्या फटींतून जेमतेम डोके काढून पिवळी पडली. एका सकाळची घाई दुरुस्त व्हावयास पुढला पावसाळा यावा लागला.

असे का होते, याचे कारण आपल्या मातीच्या घडणीत आहे. जिल्ह्याच्या बहुतांश भागातील काळी माती ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली असून, तिच्यातील चिकणमातीचे कण, ज्यांना शास्त्रज्ञ माँटमोरिलोनाइट वर्गात घालतात, पाणी शोषून फुगतात आणि पाणी गेले की आकसतात. वैशाखात याच जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात त्या याचमुळे. मातीच्या दोन कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांतून मुळांना हवा आणि पाणी या दोहोंचाही पुरवठा होतो. ओल्या मातीवर कुदळ पडली किंवा नुसता माणसाचा भार पडला, तरी त्या पोकळ्या चेपल्या जातात आणि मातीचा लगदा होऊन वाळतो. वाफ्यात पाणी तुंबून राहिले तर त्याच पोकळ्यांतील हवा हुसकली जाते, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी होतात. तो पिवळेपणा उपासमारीचा समजून माणूस युरियाची मूठ टाकतो, आणि आजाऱ्याला पंगतीस बसवावे तसा प्रकार होतो. मुरमाड जमीन पावसानंतर दिवसाभरातच वापशावर येते. भारी काळीला चार दिवसही लागतात. एकाच घराच्या परसात हे दोन्ही प्रकार असू शकतात, आणि माझ्याकडे ते आहेत.

परीक्षा सोपी आहे. वाफ्यात चार-पाच बोटे खोलवरची मूठभर माती घ्यावी, दाबून तिचा लाडू वळावा आणि तो कंबरेच्या उंचीवरून खाली सोडावा. पडताच चपटा होऊन चिकटून राहिला तर अवजारे भिंतीलाच टेकलेली असू द्यावीत. फुटून भुगा झाला तर वापसा आला. आणि लाडूच वळला नाही, तर वेळ निघून गेली, आता हलके पाणी देऊन पुन्हा थांबणे आले. सकाळच्या फेरीत मी प्रत्येक वाफ्याची अशी पाहणी करतो आणि वहीत नोंद ठेवतो. या वहीचा उपयोग दुसऱ्या वर्षी कळतो, कारण कोणता वाफा किती दिवसांनी हाताखाली येतो याचा तो अस्सल दाखला असतो.

निंदणाचेही तेच. लव्हाळ्याची जमिनीखालील गाठ वापशावर खुरपे सरकवले असता मुळासकट सुटून येते. जमीन कोरडी असताना ओढले तर पाते तुटते, गाठ आतच राहते आणि पंधरा दिवसांत पुन्हा वर येते. दुपारी वांग्याच्या रोपांनी माना टाकलेल्या पाहून झारी घेऊन धावू नये. दुपारचे कोमेजणे बहुधा उन्हाचे असते. दुसऱ्या दिवशी पहाटेही मान खालीच असेल आणि मातीत खुपसलेले बोट कोरडे निघाले, तर मात्र दांडातून बारे सोडावे. या दिवसांत सोयाबीन निघालेले असते, त्याचे कुटार गावोगाव मिळते; वांग्याच्या बुंध्याशी त्याचा तीन बोटे थर दिला की ओल टिकते आणि पाण्याची पाळी कितीतरी लांबते.

भेंडीविषयी दोन शब्द येथेच लिहितो, कारण तिला उपटण्याची वेळ हीच. कापूस, भेंडी आणि अंबाडी ही एकाच कुळातील भावंडे आहेत, हे कपाशीच्या जिल्ह्यात परसबाग करणाऱ्याने विसरता कामा नये. कपाशीवरील तुडतुडे, मावा आणि पांढरी माशी यांना आपल्या कुंपणाची हद्द ठाऊक नसते. पांढरी माशी भेंडीवर हळद्या रोगही घेऊन येते. उतरत्या वयाची, शिरा पिवळ्या पडलेली भेंडी मोहाने ठेवली, तर ती नव्या पेरणीच्या शेजारी किडींचे माहेर होते. तिचे खोडही वापशावरच मुळासकट निघते. फवारणीचा मोह मात्र घरच्या भाजीवर करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी करणारे हात आमच्या गावांतलेच होते. घरच्या बागेला पावसाळ्याच्या तोंडावर वेचून वाळवलेल्या निंबोळ्या पुरतात: ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवाव्यात, गाळून १ लिटर पाणी करावे, त्यात किंचित साबण घालावा आणि ते संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगाने शिंपडावे. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसला की तो रोजच्या रोज खुडून नष्ट करावा, कारण आत अळी बसलेली असते.

राहिला सांभार. धणे अख्खे पेरू नयेत. खरखरीत जमिनीवर पायतळी हलकेच रगडून त्यांची दोन दले करावीत आणि रात्रभर भिजवावेत. वापशावरच्या वाफ्यात दीड बोट खोल रेघा ओढून त्यांत ते टाकावेत आणि वर कुजलेले शेणखत चाळून पसरावे. पेरल्यावर लगेच धो धो पाणी सोडले तर काळी माती पापडी धरते, आणि कोवळ्या अंकुराला ती फोडता येत नाही. म्हणून खालच्या ओलीवरच भिस्त ठेवून वरून केवळ कुटाराचे विरळ पांघरूण द्यावे, आणि अंकुर वर दिसताच तेही काढून घ्यावे. मेथी चौथ्या दिवशी वर येते. सांभाराला आठ-दहा दिवस, कधी पंधराही लागतात, आणि याच मुदतीत अधीर माणूस बियाण्याला दोष देऊन वाफा पुन्हा उकरतो.

वांग्याच्या लागणीचा तपशील पुढील लेखांकात येईल. माझ्या सांभाराच्या वाफ्याला आज सातवा दिवस आहे. सकाळी एका कोपऱ्यातले कुटार उचलून पाहिले. वर अजून काही नाही, पण बोट आत घातले तेव्हा माती थंड लागली आणि बोटाला चिकटली नाही.