उतारावरची उष्णता जाते कुठे?

डोंगरातली सायकल घेताना आपण आधी रंग पाहतो. पाहायला हवा ब्रेक. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या सायकलींवरून सुमारे ४०० मीटरचा उतार शर्यतीने उतरू लागले. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक तापून ग्रीस जळे. ते पुन्हा भरावे लागे, म्हणून उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले.

हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरल्यास ४०० मीटर उतरताना सुमारे ३६० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात लिटरभर पाणी उकळीला येईल! तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता बनतो.

छोटा कारखानदार सांगाडा स्वतः जोडतो, ब्रेक बहुधा विकत आणतो. म्हणून विचारूया : ब्रेकची चकती उघड्या हवेत आहे ना? झिजलेले पॅड आपल्या गावात मिळतील ना?