संगीतमुद्रणात शब्द आणि स्वरलिपी यांचा मेळ : लिलीपाँडमधील स्वनिर्मित फंक्शन

प्रस्तावना :
मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) आणि पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी स्वतंत्र स्वरलिपी सिद्ध केल्या. संगणकावर बंदिश छापताना या दोन्ही लिपींतील सूक्ष्म चिन्हे जपणे हे आजही जिकिरीचे काम आहे.

समस्येचे स्वरूप :
भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू देतात. भैरवातील रे व ध यांखालील रेघा मुद्रणात गळल्या, तर वाचकापुढे बिलावल थाटाचे शुद्ध स्वर येतात. चूक अक्षरजुळणीची असली, तरी बिघडतो तो राग. शिवाय पलुस्कर पद्धतीत मंद्राचा बिंदू स्वराच्या वर असतो. म्हणजे तेच चिन्ह दोन लिपींत परस्परविरुद्ध सप्तके दर्शविते.

फंक्शनचे कार्य :
हान-वेन निनहुइस व यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ मध्ये आरंभिलेल्या 'लिलीपाँड' या मुक्त प्रणालीत चिन्हे माऊसने मांडली जात नाहीत. मजकूर आज्ञारूपाने लिहिला जातो. 'स्कीम' या भाषेत वापरकर्त्याला स्वतःची आज्ञा रचता येते. 'कोमल' नावाचे फंक्शन एकदा रचले, की दिलेल्या अक्षराखाली ठरावीक अंतरावर रेघ येते. 'मंद्र' हे फंक्शन त्याच्याशी जोडल्यास बिंदू रेघेच्या खाली बसतो. दोन्ही चिन्हे एकमेकांवर चढत नाहीत. तिसरे फंक्शन स्वर व त्याखालील शब्द यांचा एक स्तंभ करते. त्रितालाच्या सोळा मात्रांचे असे सोळा स्तंभ मांडले, की सम व खाली यांच्या खुणा पहिल्या व नवव्या मात्रेखालीच राहतात. बंदिशीचे अक्षर लांबल्यास स्वरांच्या ओळीत आडवी रेघ आणि शब्दांच्या ओळीत अवग्रह एकाच स्तंभात येतो. याच मजकुरात पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनचा तुकडाही बसविता येतो.

निष्कर्ष :
या रचनेत बंदिश लिहिताना चिन्हाचा आकार नव्हे, तर त्याचा अर्थ नोंदविला जातो. त्यामुळे फंक्शनची व्याख्या तेवढी बदलून तीच बंदिश पलुस्कर लिपीत छापता येते. मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही. सुरुवातीचे परिश्रम अधिक असले, तरी हस्तलिखित वह्यांतील बंदिशींचे संकलन करणाऱ्या महाविद्यालयीन संगीत विभागांना ही पद्धती उपयुक्त ठरेल. मात्र मींड, आंदोलन यांसारख्या गोष्टींसाठी गुरुमुखाला पर्याय नाही. फंक्शन फक्त कागदावरील चूक टाळते.