गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचे शास्त्र : विद्यापीठात काय शिकवितात?



बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरोघरी दोनच नावे निघतात, डॉक्टर आणि इंजिनियर. फार तर शेतकी पदवी. एखाद्या मुलीने "बी.एस्सी. करून पुढे नदी-तळ्यांतल्या जीवसृष्टीचा अभ्यास करते" म्हटले, की घरचे म्हणतात, "नदी बघायला कॉलेजात कशाला जायचं? मळ्याच्या कडेलाच आहे की!" म्हणून या शिक्षणात नेमके काय असते ते येथे सांगत आहोत.

मासा जगतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्याच्या लिटरात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. तो मोजण्याची रीत विंकलर या शास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. विद्यार्थ्यांकडून ती आजही हाताने करवून घेतात. नदीवरच बुडबुडा न राहील अशी बाटली भरायची, त्यात मँगेनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढराच राहतो.

दुसरे माप बी.ओ.डी. म्हणजे पाण्यातली घाण कुजविताना जिवाणू किती प्राणवायू खातात तो आकडा. आपल्या देशात नमुना २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवून तो काढतात. आंघोळीच्या पाण्याला तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा ४०,००० किंवा त्याहून जास्त भरतो!

आता हिशेब करा. असल्या पाण्याचा १०,००० लिटरचा एक टँकर ओढ्यात सुटला, तर ती घाण कुजायला ४०० किलो प्राणवायू लागणार. नदीच्या लिटरभर पाण्यात ७ मिलिग्रॅम धरले, तर साडेपाच कोटी लिटरांहून अधिक पाण्यातला सगळा प्राणवायू तो एकटा टँकर मागतो. वाहती नदी हवेतून थोडाफार परत मिळविते. पण उन्हाळ्यात आपल्या बंधाऱ्यांना बरगे घातलेले, पाणी उभे आणि तापलेले. त्यात रात्री शेवाळही प्राणवायू तयार न करता उलट खाते. म्हणूनच मासे बहुधा पहाटे वर तोंड काढून तडफडताना दिसतात. "कुणीतरी विष टाकलं" असे गावात बोलतात. पुष्कळदा ते विष नसते, श्वास कोंडलेला असतो.

बाटलीतले पाणी फक्त त्या क्षणाचे सांगते. म्हणून विद्यार्थी दगड उलटून खालचे किडेही मोजतात. काही किड्यांना स्वच्छ, खेळते पाणीच लागते. गाळात लाल अळ्याच तेवढ्या उरल्या, तर प्राणवायू बरेच दिवस कमी आहे असे समजावे. त्या अळ्यांच्या रक्तातही आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या तिथे तग धरतात.

दोष एकट्या कारखान्याचा असतो असे मात्र नाही. डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली कॅनडात एक तळे मध्ये पडदा घालून दोन भागांत तोडले. एका भागात नत्र आणि कर्ब सोडले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. आपण उसाला टाकलेले स्फुरद मातीला चिकटते आणि बांध फुटला की मातीबरोबर नदीत जाते. गावाच्या सांडपाण्यातूनही ते येतेच. मग आपणच केंदाळाच्या नावाने ओरडतो.

अशी मुलगी उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळात गेली, तर आपल्याच नाल्यावर बाटली घेऊन उभी राहील, अशी काही मंडळींना धास्ती वाटते. आम्हांस वाटत नाही. नदीत सोडायच्या पाण्याचा बी.ओ.डी. ३० च्या आत आणि जमिनीवर सोडायच्या पाण्याचा १०० च्या आत हवा, हे बंधन कारखान्यावर आहेच. बंधाऱ्याच्या खालच्या गावात पाणी पिणारे तरी कोण? आपलेच सभासद. ते पाणी मोजणारे माणूस आपल्या घरचे असले तर बरेच की.

नोकऱ्या भरपूर आहेत असे आम्ही म्हणणार नाही. मंडळाच्या जागा थोड्या, प्राध्यापकीला नेट किंवा सेट लागते. कारखान्यांच्या आणि नगरपालिकांच्या पाणी-प्रयोगशाळांत मात्र अशी माणसे लागतात. रसायनशास्त्र कच्चे असेल तर या वाटेला जाऊ नये. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राबरोबर रसायनशास्त्र घ्यावे. एम.एस्सी.चा अर्ज भरण्याआधी त्या विभागात जाऊन विचारावे : वर्षातून किती वेळा नदीवर नेता, आणि नमुने मुले स्वतः तपासतात का?