परदेशाला तपासणी, वसईकराला विश्वास

वसई-विरारमध्ये रविवारी सकाळी कोंबडी घेणारे गिऱ्हाईक काट्यावर नजर ठेवते, पक्षी डोळ्यांदेखत कापून घेते आणि माल ताजा आहे एवढ्यावर निर्धास्त होते. ताजेपणा डोळ्यांना दिसतो. पक्ष्याच्या पोटात गेलेले औषध दिसत नाही.

केंद्र सरकारने 2019 मध्ये कोलिस्टिन आणि मार्च 2025 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ही औषधे अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता वर्ज्य केली. हे योग्यच झाले. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर रुग्णासाठी राखून ठेवायचे कोलिस्टिन पक्ष्यांच्या वाढीसाठी उधळणे, हा कसला व्यवहार? परंतु बंदीचे मोल तपासणीवर अवलंबून असते, आणि ही तपासणी सोपी नाही. नायट्रोफ्युरान पक्ष्याच्या शरीरात काही तासांतच विरून जाते. मागे उरतात ते प्रथिनांना चिकटलेले त्याचे अवशेष. ते कित्येक आठवडे टिकतात आणि शिजविल्यानेही पुरते नष्ट होत नाहीत. मांसावर आम्लाची प्रक्रिया करून, महागड्या यंत्रावरच ते निश्चितपणे ओळखता येतात. युरोपने 2003 मध्ये ठरविलेली कसोटी किलोमागे एक मायक्रोग्रॅमची होती. म्हणजे हजार टन मांसात एक ग्रॅम!

युरोपला जाणाऱ्या कोळंबीसाठी व अंड्यांच्या पदार्थांसाठी आपल्याकडे नमुने तपासण्याची रीतसर योजना आहे, कारण तेथे माल परत येण्याची धास्ती असते. वसईतील गिऱ्हाईक माल परत कोणत्या आधारावर करणार? दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने 2014 मध्ये राजधानी परिसरातील कोंबडीचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले. ती सारीच औषधे बंदीतील नव्हती, हे खरे. पण पाहिले म्हणून सापडले, हेही तितकेच खरे.

दुकानातून नमुना उचलण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे. मात्र विश्लेषकाच्या अहवालाला कायद्यानेच 14 दिवसांची मुदत दिली आहे, आणि तोवर ते मांस केव्हाच शिजून गेलेले असते. शिवाय दंडाचा बडगा बसायचा तो किरकोळ विक्रेत्यावर. करारपद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य व औषध कंपनी पुरविते. शेतकऱ्याला केवळ संगोपनाचा मोबदला मिळतो आणि दुकानदाराचा तर खाद्याशी संबंधही येत नाही. तेव्हा नमुना घ्यावयाचा तो शेडवर, पक्षी उचलण्यापूर्वी, आणि खर्च पडावयाचा तो खाद्य पुरविणाऱ्यावर. एका बॅचमधील हजारो पक्ष्यांवर तो विभागला, तर किलोमागे फारसा भार पडू नये.

2022 च्या फेब्रुवारीत वसई-विरार परिसरात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा प्रशासन तातडीने हलले; पक्षी मरून पडत होते. औषधाचा अंश पोटात असलेला पक्षी मात्र धडधाकट दिसतो, आणि त्याला भावही चांगला येतो.