दोष चाकाचा की गाडीचा?

एक माणूस उभ्या गाडीच्या चाकावर चढला, पाय घसरून पडला आणि बिचारा दगावला. दोष कुणाचा? तुम्ही म्हणाल, कुणाचाच नाही. जुन्या इंग्लंडचा कायदा म्हणायचा, चाकाचा!

अगदी खरं सांगतोय. तिथे शेकडो वर्षं ‘डिओडँड’ नावाचा नियम होता. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘देवाला द्यायची वस्तू’. अपघातात ज्या वस्तूमुळे किंवा जनावरामुळे माणूस मरे, ते राजाकडे जमा व्हायचं. राजाने त्याचा पैसा दानधर्माला लावावा, अशी मूळ कल्पना.

आता नीट ऐका हं! गाडी उभी असेल, तर फक्त चाक जायचं. पण गाडी चालू असेल, तर चाकाबरोबर अख्खी गाडी आणि घोडेसुद्धा! जे जे हलत होतं, त्या सगळ्यामुळे जीव गेला, असं मानायचे.

मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा अधिकारी करायचा. त्याने बसवलेले पंच वस्तूची किंमत ठरवायचे आणि मालकाने तेवढी रक्कम भरली की झालं. बरेचदा पंचांना मालकाची दया यायची, मग ते किंमत मुद्दाम कमी लावायचे.

पुढे आगगाडी आली. २४ डिसेंबर १८४१ रोजी रेडिंग शहराजवळ सॉनिंग इथे पावसाने दरड कोसळली आणि ‘हेक्ला’ नावाचं इंजिन त्या मातीत घुसलं. मागच्या उघड्या डब्यांत गरीब प्रवासी होते. लंडनमध्ये संसदेची नवी इमारत बांधणारे कितीतरी मजूर नाताळसाठी घरी निघाले होते. नऊ जण गेले. पंचांनी इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड लावला!

पण त्या रकमेवर मजुरांच्या बायकामुलांचा काहीच हक्क नव्हता. कायदा इंजिनाची किंमत मोजत बसला आणि ज्यांच्या घरातला कमावता माणूस गेला, त्यांना विसरला. मला हा धडधडीत अन्याय वाटतो. तेव्हाही अनेकांना तो खुपत होता.

अखेर १८४६ मध्ये इंग्लंडने डिओडँड रद्द केला. त्याच वर्षी दुसरा कायदा झाला: कुणाच्या चुकीमुळे माणूस मेला, तर त्याच्या कुटुंबाला भरपाई मागता येईल. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८५५ मध्ये, असाच भरपाईचा कायदा आपल्याकडेही आला.