भावंडांची नाटक मंडळी

जालना जिल्ह्यांत अंबड, परतूर किंवा भोकरदनकडच्या खेड्यांतून लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चाल आहे. अंगणांत चौक भरतात, दिवटी पेटते, संबळाचा नाद सुरू होतो आणि रात्रभर कथा रंगते. संबळ वाजविणारा, तुणतुण्याची साथ करणारा आणि कथा लावणारा नाईक हे पुष्कळदां एकाच घरचे असतात. सख्खे भाऊ, नाहींतर चुलतभाऊ. तेव्हां भावंडांनीं मिळून गाण्याबजावण्याचा मेळ उभा करणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. परंतु या मेळांत भावंडांनीं स्वतः ठरविलेलें असें थोडेंच असतें. गाणीं वाडवडिलांचीं, यजमान त्यांनींच जोडलेले, वाद्येंहि त्यांच्याकडूनच आलेलीं. वडिलांच्या छत्राबाहेर पडून भावंडांनीं आपली स्वतंत्र मंडळी काढली, तर त्यांच्या वांट्यास काय येतें? याचें उत्तर पाहावयाचें असेल, तर मराठवाड्यांतील हें अंगण सोडून पुण्यामुंबईच्या रंगभूमीवरील माने भावंडांकडे वळावें लागतें.

खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) हे किराणा घराण्याचे थोर गायक. बडोदें दरबारच्या सेवेंत असतां तेथील सरदार माने यांच्या घरच्या ताराबाईंशीं त्यांचें मन जुळलें आणि उभयतांनीं बडोदें सोडलें. पुढें मिरज हें त्यांचें ठाणें झालें. पुण्यास त्यांनीं आर्य संगीत विद्यालय चालविलें. त्यांचीं पांच मुलें तंबोऱ्याच्या सान्निध्यांतच वाढलीं. १९२२ सालीं मात्र हें घर फुटलें. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. जुनीं नांवेंहि मागें राहिलीं. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई झाली, गुलाब कमलाबाई झाली आणि सकीना सरस्वती झाली. धाकटे बंधु कृष्णराव माने या नांवानें ओळखले जाऊं लागले. त्या वेळीं सुरेशबाबू विशींतले, हिराबाई सतरा वर्षांच्या, आणि सरस्वती अवघी आठ-नऊ वर्षांची.

वडिलांचें नांव सुटलें, पण गळ्यांतील गाणें सुटलें नाहीं. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम मिळाली होती, आणि खांसाहेबांचे आप्त उस्ताद अब्दुल वहीद खां यांचीहि. हिराबाई याच वहीद खांसाहेबांजवळ व वडील बंधूंजवळ शिकल्या. या एका भांडवलावर मायलेकरांनीं नूतन संगीत विद्यालय उभें केलें, आणि १९२९ च्या सुमारास त्याच विद्यालयाची नाट्यशाखा सुरू झाली. 'सौभद्र' नाटकांत हिराबाई सुभद्रेच्या भूमिकेंत उभ्या राहूं लागल्या.

याचें महत्त्व कळण्यास तेव्हांची रंगभूमि ध्यानांत घ्यावयास हवी. नामांकित मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांचें युग तें. स्त्रियांच्या नाटक मंडळ्याहि होत्या, पण त्यांत पुरुषांच्या भूमिकाहि बहुधा स्त्रियाच करीत. स्त्रीपुरुषांनीं एकाच मंचावर काम करणें हें प्रतिष्ठित घरांना रुचत नसे, आणि नाटकांत काम करणाऱ्या स्त्रीच्या शीलाविषयीं लोक सहज वाटेल तें बोलत. माने भावंडांच्या मंडळींत मात्र सुरेशबाबू आणि त्यांच्या बहिणी एकत्र होत्या. बिऱ्हाड एक, आई सोबत, भाऊ पाठीशीं. जें काम दुसऱ्या मंडळीस करारानें आणि कडक शिस्तीनेंहि साधलें नसतें, तें येथें नात्यानें साधलें. घरंदाज प्रेक्षक मायबहिणींना घेऊन नाटकास येऊं शकला.

परंतु ज्या नात्यानें प्रतिष्ठा दिली, त्यांतच धोकाहि होता. गोंधळ्याचा पसारा एका पडशींत मावतो. संगीत नाटक मंडळीस पडदे लागतात, पोशाख लागतात, पगारी नट आणि साथीदार पोसावे लागतात. नाट्यगृहाचें भाडें आणि रेल्वेचा खर्च निराळाच. परक्या मंडळींत खेळ पडला तर नट दुसरीकडे जातो. एखाद्या घरांत एका भावाची नोकरी सुटली तर दुसऱ्याची मिळकत घर सांवरते. येथें सर्वांचा चरितार्थ एकाच तिकीटखिडकीवर अवलंबून होता. त्यांतच १९३१ सालीं 'आलम आरा' आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले व नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. कांहीं वर्षांतच मंडळी बंद पडली आणि कर्जाचा डोंगर तेवढा मागें राहिला. हिराबाईंनीं तें कर्ज गाण्याच्या बैठकी आणि ध्वनिमुद्रिका यांच्या मिळकतींतून फेडलें. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. हावभावांचा आश्रय न घेतां स्त्रीनें शांतपणें बसून ख्याल गावा, ही रीत समाजांत रुजविण्यांत त्यांचा वांटा फार मोठा आहे.

मंडळी मोडली, तरी भावंडांचा मेळ मोडला नाहीं. सुरेशबाबूंनीं १९५३ सालीं देह ठेवला, तोंवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि प्रभा अत्रे यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखालून गेले होते. सरस्वतीबाई राणे यांचा आवाज १९४३ च्या 'रामराज्य' बोलपटानें घरोघरीं पोंचविला. १९७० सालीं हिराबाईंना पद्मभूषण मिळालें. एकाच गुरूची तालीम नि एकाच घरचे संस्कार असलेल्या या दोघी बहिणींनीं १९६५ पासून जुगलबंदी गाऊन श्रोत्यांस एक नवा प्रकार दिला.

१९२२ सालीं ज्या मुलांना पित्याचें नांव टाकावें लागलें, त्यांच्याच कंठांतून पित्याची गायकी पुढच्या पिढीस मिळाली. गोंधळ्याच्या घरीं वारसा अंगणांतच हातीं येतो. या भावंडांना तो घराबाहेर पडून, एकमेकांच्या आधारानें जपावा लागला.