नभोवाणीचा मनोरा आणि आकाशातील वीज

मृगापूर्वीचे वळीव आणि परतीचा पाऊस हे दोन्ही काळ महाराष्ट्रात विजांचे असतात. हवामानाच्या अंदाजाची शेतकऱ्यास निकड भासते तीही याच काळात. काही कृषी विज्ञान केंद्रे स्वतःची सामुदायिक नभोवाणी चालवितात. ऐन वादळात तिचा मनोरा मुका झाल्यास काढणीस आलेल्या पिकाची सूचना गावांपर्यंत पोहोचत नाही. यास्तव मनोऱ्याचे रक्षण ही शेतीच्या हिताचीच बाब होय.

मनोऱ्याच्या माथ्यावर अँटेनाहून उंच अशी वीजरोधक सळई बसवावी. तेथून तांब्याची अथवा जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी तीव्र वळण न देता सरळ जमिनीत न्यावी. तथापि एवढ्याने काम भागत नाही. मनोरा सुरक्षित राहिला, पण प्रक्षेपक जळाला, असे घडू शकते. त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

विजेच्या एका लोळाचा प्रवाह साधारणतः ३०,००० अँपिअर असतो. तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात चढला असे धरल्यास सरळ तारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब निर्माण होतो. मनोऱ्याचे व इमारतीचे अर्थिंग निरनिराळे असेल, तर दोहोंमधील दाबाचा हा फरक यंत्रातूनच वाट काढतो. म्हणून सर्व अर्थिंग जमिनीखाली एकमेकांस जोडणे अगत्याचे आहे. अँटेनाच्या केबलचे बाहेरील धातूचे वेष्टण मनोऱ्याच्या माथ्यावर, पायथ्याशी व भिंतीत शिरण्यापूर्वी अशा तीन ठिकाणी जोडावे. केबल जेथे आत शिरते, तेथेच वायुनलिकेचा विद्युत्‌रोधक त्याच अर्थिंगवर बसवावा.

वीज प्रत्यक्ष न पडताही हानी संभवते. कोरड्या वाऱ्यातील धूळ, पावसाचे थेंब व माथ्यावरील ढग यांमुळे अँटेनावर स्थिर विद्युतभार साचतो आणि ठिणगीच्या रूपाने यंत्रात उतरतो. हा भार सतत जमिनीत झिरपत राहावा, यासाठी मनोऱ्याशी थेट जोडलेल्या रचनेची अँटेना निवडणे श्रेयस्कर होय.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते व अर्थिंगचा रोध वाढतो. त्याची मोजणी पावसाळ्यात न करता वैशाखात करावी. रोध १० ओहमहून अधिक नसावा. अधिक आढळल्यास आणखी सळया ठोकाव्यात. दोन सळयांतील अंतर सळईच्या लांबीहून कमी नसावे.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास वादळ सुमारे १० किलोमीटरच्या आत आले असे समजावे. त्यानंतर केबल सोडविण्यास कोणीही हात लावू नये. ते काम आभाळ भरून येण्यापूर्वीच उरकावे. मनोऱ्याच्या आडोशास माणसे वा गुरे थांबू देऊ नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटेपर्यंत मनोऱ्यापासून दूर राहावे. यंत्र नवे आणता येते. गेलेला माणूस परत येत नाही.